परमिट येईपर्यंत

लाईनमनचं काम म्हणजे खांबावर चढणं, असा लोकांचा समज असतो. चढावं लागतंच, पण त्याहून जास्त वेळ खांबाखाली उभं राहण्यात जातो. बिघाड सापडला की उपकेंद्रात कळवायचं, यंत्रचालक फीडर, म्हणजे त्या भागाची लाईन, बंद करणार, वहीत नोंद करणार, परमिटचा नंबर देणार. मग आपण एबी स्विच उघडायचा, दोन्ही बाजूंना अर्थिंग टाकायचं आणि मगच तारेला हात लावायचा. त्याच फीडरवर दुसऱ्या गावात कुणी आधीच काम काढलेलं असलं, तर ही वाट तासभरही लांबते. हल्लीची हेल्पर पोरं तेवढ्यात मोबाईल काढतात. आमच्या उमेदीत मोबाईल नव्हते आणि तंबाखू मी खात नाही. राहता राहिलं वर बघणं.

वर बघणं ही तशी ड्युटीच. तारांना झोळ किती पडलाय, पिनला तडा गेलाय का, जंपर, म्हणजे खांबावरची जोडतार, काळा पडलाय का, फांदी कुठं टेकतेय, पतंगाचा मांजा कुठं अडकलाय, हे बघत लाईनीखालून चालत जायचं. याला आम्ही पेट्रोलिंग म्हणतो. तर तार बघता बघता तारेवरचं दिसायला लागलं. पक्षी बघायचे म्हणून मी कधी घराबाहेर पडलो नाही, हे मुद्दाम सांगतो. दुर्बीण फार उशिरा आली, तीही मुलीनं आणून दिली म्हणून. त्याआधीची सगळी ओळख नुसत्या डोळ्यांनी, आठ मीटरच्या खांबाखालून झालेली.

माझी बहुतेक नोकरी दौंड-इंदापूर भागात, भिगवणच्या आसपासच्या गावांत झाली. एका अंगाला उजनीचं पाणी, त्याला लागून ऊस आणि केळी, आणि पाणी पोचत नाही तिथून लगेच बोडका माळ. त्यामुळे एकाच फीडरवर, सायकल मारत गेलं तरी, तीन तऱ्हांचे पक्षी भेटायचे. पाण्याजवळच्या तारांवर खंड्या, उसाच्या बाजूला कोतवाल आणि वेडे राघू, माळावर कापशी आणि थंडीच्या दिवसांत नीलपंख. नीलपंख बसलेला असताना मळकट विटकरी दिसतो. त्यानं पंख उघडले की सोबतचा हेल्पर हातातली पक्कड खाली ठेवून बघायचा. काही वर्षांनी तर असं झालं की कुणी खांबाचा नंबर सांगावा आणि तिथं कोण बसतं ते मी सांगावं. साहेब लोकांना याचा उपयोग नव्हता, पण मला मजा यायची.

त्यातल्या त्यात माझा जीव जडला तो कोतवालावर. दुभंगलेल्या शेपटीचा हा काळा पक्षी गावात सगळ्यांना माहीत आहे, नीट पाहिलेला मात्र थोड्यांनी. चोचीच्या मुळाशी गालाकडे एक पांढरा ठिपका असतो, तांदळाच्या कणीएवढा. तो दिसला की समजायचं, आपण आज खरंच पाहिलं. अंगानं साळुंकीपेक्षाही हलका, पण घरट्याच्या दिवसांत कावळा काय आणि घार काय, कुणालाही हद्दीतून हाकलून काढतो. घारीच्या पाठीवर वरून झेप घेताना मी त्याला कितीदा पाहिलंय. घार वळते, खाली जाते, हा पुन्हा वर.

एकदा उसाच्या खोडव्यात पाणी सोडलं होतं. दारं धरणारा माणूस बांधावर बसलेला, मी खांबाखाली परमिटची वाट बघत. ओल्या मातीतून साळुंक्या हुमणीच्या अळ्या काढत होत्या. वर तारेवर कोतवाल गप्प. एका साळुंकीनं चांगली अंगठ्याएवढी अळी ओढून काढली, आणि त्याच क्षणी शिक्र्याची किंकाळी आली. साळुंक्या भर्रकन उडाल्या. मी आभाळभर शिक्रा शोधत राहिलो. शिक्रा नव्हताच. कोतवाल खाली उतरला, अळी उचलली आणि पुन्हा तारेवर. दारं धरणारे मामा म्हणाले, "रोजचंच हाय त्याचं." पुढं पुस्तकात वाचलं की कोतवाल शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना असा चकवा देतो, हे पक्षितज्ज्ञांनी नोंदवून ठेवलंय. मामांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी ही बातमीसुद्धा नव्हती.

वेडा राघू हा त्याच्या बरोबर उलटा, त्याला काहीच लपवायचं नसतं. तारेवरून सुटतो, हवेतल्या हवेत माशी पकडतो आणि बरोबर त्याच जागी येऊन बसतो. जागा म्हणजे अगदी तीच वीत. माशी डंख मारणारी असली तर आधी तिला तारेवर इकडून एक, तिकडून एक असं आपटतो, घासतो आणि मगच गिळतो. घरगुती लाईनीच्या तारा खालच्या उंचीवर असतात. आसपास पंप बंद असले आणि वारं पडलेलं असलं की ती बारीक टकटक खाली ऐकू येते. मला वाटतं, बहुतेक माणसांना तो आवाज कधीच ऐकू आलेला नसेल, कारण लाईट गेलेली असताना तारेखाली शांत उभं राहणारा आमच्याशिवाय कोण?

विद्युत सुरक्षा सप्ताहात शाळांमध्ये बोलायला पाठवतात. ओल्या हातानं बटण लावू नका, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, म्हैस खांबाला बांधू नका, एवढं सांगून झालं की मी विचारतो, "काही प्रश्न?" प्रश्न ठरलेला. चिमणीला शॉक का बसत नाही? मग फळ्यावर दोन रेघा ओढतो. वीज वाहायला दोन टोकांमध्ये दाबाचा फरक लागतो. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन्हींखाली दाब सारखाच, मग वीज तिच्या अंगातून कशाला जाईल? पण तिनं एक पंख शेजारच्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडी आडव्याला टेकवला की संपलं. चिमणीचा पंख तिथवर पुरत नाही. घारीचा पुरतो, घुबडाचा पुरतो, मोराचा तर पुरतोच. केळीच्या आणि चिकूच्या बागांकडे रात्री जाणारी मोठी वटवाघळं अशीच सकाळी तारांना लटकलेली सापडतात. मोर गेला तर वनखात्याला कळवायचं, पंचनामा होतो. तो उचलताना कळतं, पिसाऱ्याखालचं अंग केवढं भारी असतं. जिथं मोरांचा वावर आहे तिथल्या डीपीच्या जंपरवर इन्सुलेशनची नळी चढवली तर हे पुष्कळ टळतं. काम किरकोळ आहे. ते कुणीतरी सुचवावं लागतं, आणि सुचवायला तिथं मोर येतात हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

माळढोकाचं दुखणं वेगळं. आमच्या पलीकडं सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. हा पक्षी तारेवर बसतच नाही, तो उडता उडता तारेला धडकतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे थेट समोरचं कमी दिसतं, आणि वजन इतकं की ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये या धडकांनी माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथं जमिनीखालून न्यायला सांगितल्या. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. अशा बातम्या आम्ही लाईनवाले दोन्ही बाजूंनी वाचतो. केबल जमिनीत घालायची म्हणजे खर्च किती आणि बिघाड शोधताना हाल किती, ते आम्हाला ठाऊक. आणि तार दिसते की नाही हा प्रश्न आठ मीटर वरून किती निराळा दिसतो, तेही ठाऊक. संध्याकाळी, पाठीमागं उजेड नसताना, मला स्वतःला चाळीस पावलांवरची तार दिसत नाही.

आता कावळा. कावळ्याबद्दल चांगलं बोलणारा वायरमन मला भेटलेला नाही, मी सोडून. पावसाळ्यापूर्वीची कामं एप्रिल-मेमध्ये निघतात आणि नेमका तोच कावळ्यांच्या घरट्यांचा हंगाम. बांधावरचे आंबे गेले, बाभळी गेल्या, मग खांबाच्या व्ही-आर्मच्या बेचक्यात त्याला आयती जागा मिळते. काड्यांबरोबर तो बाइंडिंग वायर आणतो, जीआय तारेचे तुकडे आणतो, आमच्याच हातून खाली पडलेले ॲल्युमिनियमचे धागे आणतो. कोरड्या दिवसांत चालून जातं. पहिला वळीव आला, काड्या भिजल्या की फीडर ट्रिप. मग रात्री अकराला फोन, टॉर्च घेऊन खांब शोधा, शिव्या कावळ्याला.

आमच्या सेक्शनला एक जुने मिस्त्री होते, त्यांची पद्धत मी उचलली. नुसत्या काड्या मांडलेल्या असतील तर लगेच काढायचं, म्हणजे कावळा दुसरीकडं सोय बघतो. अंडी पडली असतील आणि घरटं जंपरपासून लांब असेल, तर बाहेर लोंबणाऱ्या तारा पक्कडीनं कापायच्या आणि पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. असं कापत असताना एका घरट्यात डोकावलो. बाहेरून नुसता भंगाराचा ढीग, आत मात्र काथ्या आणि केस लावून केलेली गुळगुळीत वाटी. तीन अंडी निळसर हिरवी, तपकिरी फराटे असलेली. चौथं जरा लहान, करड्या झाकेचं, ठिपके तांबूस. कोकिळेचं. कावळे माझ्या हेल्मेटवर टोचे मारत होते, आणि ज्यांनी त्यांना खरं फसवलं ती जोडी समोरच्या लिंबात होती. नर तर मोठमोठ्यानं गात होता. खांबाला बांधलेल्या झुल्यावर टेकून मी चांगला दोन मिनिटं हसलो. खालून हेल्पर विचारतोय, "दादा, काय झालं?" त्याला काय सांगणार?

पुढं गुडघ्यांनी खांब नको म्हटलं तेव्हा मला उपकेंद्रात बसवलं. ३३/११ केव्हीचं लहानसं उपकेंद्र, तिन्ही बाजूंनी ऊस. दर तासाला मीटर बघून लॉगशीट भरायची, फोन घ्यायचे, आणि आता परमिट मागणाऱ्याच्या नव्हे तर देणाऱ्याच्या बाजूला बसायचं. मला वाटलं होतं, पक्षी संपले. उलट झालं. उपकेंद्राच्या यार्डात खडी पसरलेली असते. बिघाडाच्या वेळी जमिनीत उतरलेला प्रवाह पायांतून अंगात येऊ नये म्हणून तो थर लागतो. ही खडी म्हणजे टिटवीची हक्काची जागा, हे मला तिथं गेल्यावर समजलं.

मार्चच्या अखेरीस ब्रेकरच्या मागच्या बाजूला जोडी घुटमळायला लागली. मी तिकडं गेलो की दोघं लांब पळून तिसरीकडंच बसल्याचं नाटक करायची. अंडी सापडली ती खडीकडं टक लावून बसल्यावर, आणि एकदा नजर काढली की पुन्हा सापडेनात. घरटं असं काही नाही. चार खडे बाजूला सारून केलेला खळगा, त्यात चार अंडी, निमुळती टोकं आत, काळपट डाग, अगदी खडीच्याच रंगाची. मी चुन्यानं चार मोठे दगड रंगवून भोवती ठेवले आणि गवत काढायला येणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना ताकीद दिली.

एप्रिलमध्ये दुपारी यार्डातली खडी इतकी तापते की चपलेतून चटका लागतो. टिटवी अशा वेळी अंड्यांवर पंख सैल सोडून उभी राहायची, उबेसाठी नव्हे, सावलीसाठी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांत आम्हाला पाणी ओतावं लागतं. माती कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही. मी पाइप लावून खड्डा भरला की दोघांतलं एक चालत यायचं, पोट पाण्यात टेकवून दोन-तीनदा हलवायचं आणि ओल्या पोटानं परत अंड्यांवर जाऊन बसायचं. ही गार पाण्याची ने-आण मी खुर्ची टाकून बघितली आहे. मग अर्थिंगला पाणी घालायची माझी वेळ आपोआप दुपारी एकवर आली. नियमात वेळ लिहिलेली नाही, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली आणि त्याच दिवशी, पाय म्हणजे नुसत्या काड्या, पण तुरुतुरु पळत जाळीखालून उसात गेली.

टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असं आमच्याकडं मानतात. रात्रपाळीच्या माणसानं मात्र तिचे पाय धुऊन पाणी प्यावं. ट्रान्सफॉर्मरचं ऑईल आणि तांब्याच्या पट्ट्या चोरायला येणारे लोक कुत्र्याला भाकरी टाकून गप्प करतात, टिटवीला गप्प करता येत नाही. ती ओरडली की मी टॉर्च घेऊन बाहेर. बहुतेक वेळा मांजर, कधी मुंगूस. पण बाहेर जायचंच.

थंडीत भोरड्या येतात. खरं तर त्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात, मध्य आशियाकडून, पण नजरेत भरतात त्या ज्वारी हुरड्यात आल्यावर. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो, भोरड्या उठतात, सबंध थवा एका अंगानं वळतो आणि आमच्या तारांवर येऊन बसतो. तार खाली झुकलेली स्पष्ट दिसते. तारांना आधीच झोळ असला आणि सगळा थवा एकदम उठला, तर तार वर उसळते, शेजारच्या तारेला लागते आणि फीडर ट्रिप. उपकेंद्रात बसून मला संध्याकाळी सहाच्या सुमाराची ती ट्रिप ओळखू यायला लागली होती. ब्रेकर पडला, फोन वाजायच्या आत मी बाहेर येऊन उसाच्या दिशेला बघायचो. वर थवा अजून फिरत असायचा. लॉगशीटमध्ये कारणाच्या रकान्यात 'पक्षी' एवढंच लिहायचं असतं. त्या रकान्यात मावण्याएवढं ते नसायचं, पण झोळ काढायचं काम दुसऱ्या दिवशी मी मागं लागून करून घ्यायचो. भोरड्या ज्वारी खातात तशा टोळ आणि नाकतोडेही खातात. हे शेतकऱ्याला हुरड्याच्या दिवसांत सांगायला जाऊ नये.

शनिवार-रविवारी पुण्याकडून गाड्या येतात, भिगवणला रोहित बघायला. मोठमोठे कॅमेरे, पहाटे चारला निघालेली मंडळी. आता पाण्यातले मासेमार नावेतून त्यांना नेतात, चार पैसे मिळतात, उत्तम आहे. मीही गेलोय. शेकडो रोहित एका रांगेत उलटी चोच चिखलात घालून चालताना बघून कुणीही थक्क होईल. तरी मला तिथं जरा परकं वाटतं. त्यातला एकही रोहित मी ओळखत नाही. हमरस्त्यापासून पाण्यापर्यंतच्या वाटेवर, गाडीच्या काचा बंद करून ही मंडळी ज्या तारांखालून जातात, त्यांवर खंड्या, भिंगऱ्या, होले, कापशी सगळे हजर असतात. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण नवा पक्षी बघण्यापेक्षा तोच पक्षी पुन्हा बघण्यात जास्त आहे, या मताला मी आलोय. कोतवालाची पिल्लं उडायला शिकताना तारेवर कशी डुगडुगतात, हे एका फेरीत दिसत नाही.

सलीम अलींचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. अलिबागजवळ किहीमला १९३०च्या सुमारास त्यांनी सुगरणीच्या घरट्यांसमोर बैठक मारली. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं सुरू करतो. हा सगळा व्यवहार त्यांनी तिथं उलगडला. सुगरण काही दुर्मीळ नव्हती, कोकणात कुणीही रोज बघत असेल. आमच्याकडं विहिरीवरच्या बाभळी कमी झाल्यावर ती तारांवरही घरटी टांगते. मी दुर्बीण आल्यावर मुद्दाम बघितलं, नर खरंच उसाच्या पात्याची कड चोचीत धरतात, खाच पाडतात आणि उडता उडता लांब दोरा फाडून नेतात. नामंजूर झालेली अर्धी घरटी, नुसत्या टोपीसारखी, तशीच लोंबत राहतात. आता ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ सलीम अलींच्या. तेव्हा शाळेत बोलावलं तर मी ती अर्धी घरटी नेऊन दाखवतो. पाऊस सरला की ती रिकामी असतात. पोरं ती हातात घेऊन उलटी करून डोक्यावर धरतात.

निवृत्तीला थोडं राहिलंय. सेक्शनमधली पोरं माझी चेष्टा करता करता स्वतःच बघायला लागलीत. भोरड्यांचा पहिला थवा कोण बघतो यावर दरवर्षी पैज असते. त्यात मी, दोन हेल्पर, कालव्यावरचा पाटकरी आणि फाट्यावरचा चहावाला. हरणाऱ्यांनी चहा द्यायचा. यंदा एका हेल्परनं गणपतीच्या आधीच थवा पाहिल्याचं सांगितलं. पुरावा विचारला तर म्हणे, खांबावर होतो, हातात मोजे, फोन कसा काढणार? पाटकरी म्हणतो, त्या साळुंक्या असतील. चहावाला म्हणतो, त्यानं तर अजून पाहिल्याच नाहीत, आणि चहाही त्याचाच. मी अजून कुणाच्या बाजूनं निकाल दिलेला नाही.